डोंगरावर बुडणाऱ्या जहाजाची स्तुती

खोपोलीहून बोरघाट चढून गेलं की लोणावळ्यात नौदलाची ‘आयएनएस शिवाजी’ ही प्रशिक्षण संस्था लागते. गाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच. आणि इथे जहाज बुडवतात! लोखंडी खोल्या कलतात, भोकांतून पाणी आत उसळतं आणि त्या पाण्यात उभी राहून पोरं लाकडी पाचरी ठोकतात. आग मुद्दाम लावतात, विझवतात, पुढच्या तुकडीसाठी पुन्हा लावतात. शहाणा माणूस याला वेडेपणा म्हणेल. मी त्या वेडेपणाची स्तुती करायला बसलो आहे आणि यातला एकही शब्द मागे घेणार नाही.

शहाणपण कसं असतं, ते आम्हा खालापूरकरांना ठाऊक आहे. कारखान्यात सरावाचा भोंगा वाजतो. शहाणा माणूस “मॉक ड्रिल आहे, चालू द्या” म्हणतो आणि चहा संपवतो. भुसा भरलेलं पोतं ‘जखमी’ म्हणून स्ट्रेचरवर घेऊन धावणाऱ्या जवानाला हसतो. तो वेडा मात्र पोत्याची मान सांभाळतो. पोत्याला कुठली मान? पण हाताला सवय लागते, आणि धुरात डोकं चालेनासं झालं की हातच चालतात.

आणि तशी वेळ खरोखर येते. जून २०२३ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाटात टँकर उलटून पेटला. पेटतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं; चौघे गेले. पुढच्याच महिन्यात, १९ जुलैच्या रात्री, आमच्याच तालुक्यातल्या डोंगरावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला रस्ताच नव्हता, म्हणून गाड्या पायथ्याशी थांबल्या आणि माणसं पावसात, अंधारात, निसरड्या पायवाटेनं चढली. चढतानाच नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला. मोठी यंत्रं वर नेता येईनात, म्हणून कुदळ-फावड्यानं उकरावं लागलं. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण बेपत्ता असतानाच चार दिवसांनी शोध थांबला. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती.

नौदल डोंगरावर जहाज बुडवतं. मग कर्जत-खालापूरच्या प्रत्येक डोंगरवाडीत पावसाळ्याआधी एका रात्री न कोसळलेल्या दरडीखालून न गाडलेली माणसं का काढू नयेत? बॅटरीच्या उजेडात, वाट पाठ असलेल्या वाडीतल्याच पोरांना पुढे घालून, भुशाची पोती झोळीतून पायथ्यापर्यंत आणावीत. किती वेळ लागला ते लिहून ठेवावं. म्हातारी माणसं झोपमोड झाली म्हणून रागावतील. त्यांचा राग सोसावा. पैसेही फार लागणार नाहीत. तहसील कार्यालयानं यंदाच हे मनावर घ्यावं.

आणि तुमच्या कारखान्यात पुढच्या वेळी भोंगा वाजला, तर चहा तसाच ठेवा आणि मैदानात या.