माल इथला, शिक्का तिथला

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीच्या शेडमध्ये एक मांजर आहे. कुणी पाळलेली नाही. मोल्डिंगच्या वाळूच्या गाडीतून आली असावी असा सगळ्यांचा समज, कारण रंगही तोच. ढिगावर बसली की दिसत नाही. एकदा मेस्त्रींनी फावडे घातले, तर ढिगाचा एक तुकडा आळस देत उठला आणि चालू लागला. मराठी कामगार तिला मनी म्हणतात, कानडी कामगार बेक्कू. ती दोन्ही हाकांना ओ देत नाही; डब्याचे झाकण वाजले की मात्र येते. बेळगावात इतका समतोल भल्याभल्यांना जमलेला नाही.

परवा कॉलेज सुटल्यावर पुतण्या शेडमध्ये आला आणि त्याने मोबाईलवर एक फोटो दाखवला. "काका, ही आपली मनीच की!" खरेच तसे होते. सडपातळ अंग, आखूड केस, मोठे टवकारलेले कान, बदामी डोळे आणि चवड्यांवर उभी असल्यासारखी ऐट. नाव मात्र भारदस्त : अ‍ॅबिसिनियन. किंमत ऐकून मेस्त्री मनीकडे पहिल्यांदाच आदराने बघू लागले.

या जातीची खरी खूण केसात असते. एकेका केसावर फिक्या आणि गडद रंगाचे आळीपाळीने पट्टे असतात. त्यामुळे अंगावर ठिपके किंवा ठळक पट्टे उठत नाहीत. गंजलेल्या पत्र्यावर तिरपे ऊन पडावे तशी नुसती झाक दिसते.

नावाची गोष्ट 1868 सालची. ब्रिटिशांनी अ‍ॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर स्वारी केली. सेनापती रॉबर्ट नेपियर हा मुंबई फौजेचा मुख्य. पलटणी मुंबईहून जहाजात चढल्या, हत्तीसुद्धा चढले. ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आज आमच्या बेळगावात आहे, तिच्या जुन्या पलटणींच्या युद्धसन्मानांत 'अ‍ॅबिसिनिया' हे नाव आहे. फौज उतरली झुला बंदराजवळ. मोहिमेनंतर एका कप्तानाच्या बायकोने 'झुला' नावाचे मांजर इंग्लंडला आणले, असे 1874 च्या एका पुस्तकात म्हटले आहे. त्याआधीच, 1871 साली, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात एका अ‍ॅबिसिनियन मांजराने तिसरे बक्षीस घेतले होते. झाले, नाव पक्के.

पण हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयात याच रूपाचे एक पेंढा भरलेले मांजर आहे. ते 1834 ते 36 च्या दरम्यान घेतलेले, म्हणजे नेपियरच्या स्वारीच्या तीस वर्षे आधीचे. चिठ्ठीवर मूळ देश लिहिलाय भारत. अलीकडे जनुके तपासणाऱ्यांचे बोटही हिंदी महासागराच्या काठाकडेच वळते. मांजर बहुधा आपल्या बाजूच्या बंदरांतून व्यापारी जहाजांवर चढले, आणि नाव लागले ते लढाई झालेल्या मुलखाचे.

मला हा मोठा अन्याय वाटला. तावातावाने मेस्त्रींना सांगितले. त्यांनी तंबाखू मळायची थांबवलीसुद्धा नाही.

"ह्यात नवीन काय हाय, साहेब? आपण काय करतोय? वाळू आपली, भट्टी आपली, घाम आपला. पण पॅटर्नवरच गिऱ्हाइकाचं नाव कोरलेलं असतंय की. कास्टिंग साच्यातनं बाहेर पडतंय ते दुसऱ्याचं नाव घेऊनच."

यावर मी काय बोलणार? आमच्या ढिगावरच्या मनीला तर तेवढेही नाव मिळायचे नाही. तिच्या आईबापाचे कागद कुठे आहेत? रूप कितीही जुळले तरी वंशावळीच्या कागदाविना मांजर हे नुसते मांजरच राहते. कागदाची ताकद आम्हा सीमाभागातल्यांना वेगळी सांगायला नको.

दुपारी डबा उघडला. मनी आली, भाकरीचा तुकडा हुंगून बाजूला सारला, सुकट तेवढी उचलली आणि ढिगावर जाऊन पुन्हा वाळू झाली. गावाचे सरकारी नाव 2014 साली बदलले, हे तिला अजून कुणी कळवलेले नाही.