सेटपराव

ढोकीत त्यांना सगळे सेटपराव म्हणतात. धंदा बॅनर डिझाइनचा, घरच्या पुढच्या खोलीतून. वाढदिवस, निवडीबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. डिझाइन इथं, छपाई धाराशिवला. पण कधीही जा, ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणणार, "दोन दिवसांनी या. सध्या सेटप चालू आहे."

सेटप म्हणजे गिऱ्हाइकांची कुंडली सॉफ्टवेअरमध्ये घालणं. कोण, कुठला, काय करून नेलं, किती दिले, किती राहिले. आधी वही होती, मग एक्सेल आलं, मग व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसची रंगीत लेबलं. त्यातलं 'पेमेंट बाकी' हे लेबल इतक्या जणांना लागलं की बाकीच्या रंगांना कामच उरलं नाही. तेव्हा ते सीआरएमकडे, म्हणजे गिऱ्हाइकांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळले.

निवडीची कसोटी कडक होती, ते फुकट पाहिजे. ट्रायल संपली की नवा ईमेल, नवी ट्रायल आणि पुन्हा पहिल्यापासून नावं भरणं. ईमेल गिऱ्हाइकांपेक्षा जास्त झाले तेव्हा ते झोहोवर स्थिरावले. तिथं फुकटात तिघांना खातं मिळतं. एक त्यांचं, दुसरं बायकोच्या नावानं. तिनं ते अजून उघडलेलं नाही. तिसरं रिकामं पडून आहे, आणि फुकटची वस्तू वाया चालल्याची रुखरुख त्यांना झोपू देत नाही.

झोहो आवडायला दुसरंही कारण आहे. कंपनीचे संस्थापक श्रीधर वेंबू २०१९च्या सुमारास अमेरिका सोडून तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यात राहायला गेले. सासरच्यांनी "पुण्याला का जात नाही?" विचारलं की सेटपराव वेंबू काढतात. "त्यांना खेड्यात यायला इतकी वर्षं लागली. मी तर आधीपासूनच ढोकीत आहे."

सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाइकाच्या पायऱ्या असतात: चौकशी, कोटेशन, वाटाघाटी, सौदा पक्का. सेटपरावांनी त्या पुसून गावच्या घातल्या: 'बघू', 'दादांना विचारून सांगतो', 'फोटो पाठवतो', 'बॅनर लागला' आणि 'उसाचं बिल निघाल्यावर'. शेवटच्या पायरीवर जत्रा भरली. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे चुकते करावेत, असं १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. सेटपरावांनी तो कुठंतरी वाचला आणि बरोबर पंधराव्या दिवशी उधारीची आठवण जाईल अशी तजवीज केली. केंद्र सरकारच्या शब्दावर एवढी श्रद्धा असलेला दुसरा माणूस निदान मी तरी पाहिलेला नाही. पहिलं उत्तर आलं, "असाच एक मेसेज कारखान्याला बी टाका की."

पण खरी गंमत झाली ती जन्मतारखेची. बॅनरच्या धंद्यात वाढदिवस हेच भांडवल, म्हणून त्यांनी तो रकाना सक्तीचा केला. लोकांनी आधार कार्डावरची तारीख सांगितली. आता, महाराष्ट्रातली पन्नाशी ओलांडलेली बरीच मंडळी कागदोपत्री १ जूनला जन्मलेली आहेत. पोराला शाळेत घालताना आईला आठवायचं ते एवढंच, "बहात्तरच्या दुष्काळात झालं, खडी फोडायला जात होते तवा." गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. सॉफ्टवेअरला ना गुरुजी ठाऊक, ना दुष्काळ. १ जूनच्या सकाळी ते कामाला लागलं. आजी-माजी सरपंच, दोन्ही पॅनलचे पुढारी, सोसायटीचे संचालक, भजनी मंडळातले पखवाजवाले, साऱ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी एकच मजकूर पडला: 'आपल्यासारखं नेतृत्व शतकातून एकदाच जन्माला येतं!'

पारावर माणसं मोबाइलला मोबाइल लावून पाहू लागली. एक माजी सरपंच तडक घरी आले. त्यांची तक्रार तारखेबद्दल नव्हती. "शतकातून एकदा म्हणलाव," ते म्हणाले, "तर मग ते नेमकं कोण, तेवढं सांगा."

सेटपरावांनी तक्रार क्रमांक दिला.

परवा त्यांचे मामा तेरहून आले. नातीचा वाढदिवस, बॅनर संध्याकाळपर्यंत हवा होता. सेटपरावांनी नवा फॉर्म उघडला.

"मामा, आमच्याविषयी कुठून कळलं?"

"आँ?"

"फेसबुक, गुगल, जुना ग्राहक का इतर?"

"तुझ्या बारशाला कळलं, गड्या."

'इतर' निवडल्यावर सॉफ्टवेअरनं खुलासा मागितला. सेटपरावांनी मन लावून 'बारसं' टाइप केलं. मग मामांच्या खिशातला मोबाइल वाजला: 'आपली नोंद झाली आहे. आमच्या प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.'

"ही प्रतिनिधी कोण?"

सेटपरावांनी स्क्रीन पाहिली. काम दुसऱ्या खात्याकडे गेलं होतं.

मामा उठून स्वयंपाकघरात गेले. प्रतिनिधीनं पाट दिला, चहा टाकला, सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "मामंजी, यांच्या नादी लागू नका. स्टँडवरचा पोरगा मोबाइलवरच तासाभरात करून देतोय."