जावईबापूंची तिजोरी

केटी, टेक्सस
12 ऑक्टोबर

ती. सौ. आईस व ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

तुमचा व्हिसा झाला, तिकिटं निघाली, आता भाजणी-मेतकुटाच्या याद्या सुरू होतील. त्याआधी हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर पहिल्याच वाक्याला तू ‘अगं बाई!’ म्हणून फोन बाबांकडे दिला असतास आणि बाबांनी ऐकू येत नाही म्हणून तो तुला परत दिला असता. म्हणून लेखी. वन्संनी तुला जे सांगितलं ते खरं आहे. आमच्या घरात पिस्तूल आहे.

पाणी पी आणि पुढे वाच.

एच-वन व्हिसावर होतो तोवर कायद्यानेच ही पीडा टळली होती. शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर त्या व्हिसावरच्या माणसाला इथे बंदूक घेता येत नाही. मग ग्रीन कार्ड आलं. त्या आनंदात लोक सत्यनारायण घालतात, आपणही घातला. पण तुमचे जावई मंदारराव प्रसाद खाऊन ऑफिसातल्या मित्राबरोबर शूटिंग रेंजवर गेले ते नाइन एमएमच्या पिस्तुलाचे मालक होऊनच थांबले. पाल दिसली की कॉटवर चढणारे हेच गृहस्थ, हे ध्यानात घे. दुकानात एक फॉर्म भरायचा, नाव सरकारी यादीत तपासायचं, की झालं. रेशनकार्डावर माझं नाव चढवायला बाबांनी याहून जास्त खेटे घातले होते. 2021 पासून तर टेक्ससात एकवीस वर्षांवरचा बहुतेक कुणीही ते विनापरवाना कमरेला लावून फिरू शकतो. मंदार लावत नाही. त्याची पँट आधीच सैल असते.

बाबा म्हणतील, त्यात काय, कुडाळच्या आप्पाकाकांकडेही शेती-संरक्षणाची बंदूक होतीच की. होती, पण ती ठासणीची. दारू एकीकडे, छरे दुसरीकडे. ठासून होईस्तोवर रानडुक्कर जेवून हात धुऊन गेलेलं असायचं. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा. ती बंदूक मुलाच्या हाती लागली असती, तरी तिच्यातून बार काढायला त्याला आप्पाकाकांचीच मदत लागली असती. इथलं पिस्तूल एका बोटाचं काम आहे. तुझा नातू तीन वर्षांचा आहे ना? तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे पाव मुलांच्या दोन बोटांत बहुतेक पिस्तुलांचा चाप ओढण्याइतकी ताकद असते, आणि पाच-सहा वर्षांच्यांत सत्तर टक्क्यांच्या. हे मोजून ठेवलेलं आहे. तुझी नात रेवा सहाची आहे, आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण मंदारच्या आधी तिला निघतं.

आल्या दिवशी मंदारने पिस्तूल कपाटात वरच्या फळीवर, स्वेटरांच्या मागे ठेवलं. ‘तिथे मुलांचा हात पोचत नाही.’ आई, तू दिवाळीचे लाडू फडताळात वर, पितळी डब्यात, त्यावर परात, परातीवर गोधडी अशा बंदोबस्तात ठेवायचीस. लक्ष्मीपूजनापर्यंत डब्यात किती उरायचे ते आठव. दादा खाली घोडा व्हायचा आणि मी वर. मंदारने हा इतिहास ऐकला, हसला, आणि म्हणाला, आपल्या मुलांना ते कुठे आहे हे माहीतच नाही. तेव्हा मी त्याला अलाबामातल्या पाहणीचं वाचून दाखवलं. बंदूकवाल्या घरांतले आई-बाप आणि मुलं यांना 2006 साली वेगवेगळं विचारलं होतं. मुलांना जागा माहीत नाही असं छातीठोक सांगणाऱ्या आई-बापांपैकी 39 टक्क्यांची मुलं शांतपणे म्हणाली, माहीत आहे की.

मग त्याने शिकवणीचा मुद्दा काढला. मुलांना नीट समजावून सांगू, हात लावायचा नाही, दिसलं की मोठ्यांना बोलवायचं. जरूर सांग, मीही सांगते. पण 2001 साली अ‍ॅटलांटातल्या डॉक्टरांनी आठ ते बारा वयाच्या मुलग्यांना दोघं-तिघं मिळून एका खोलीत सोडलं आणि स्वतः आरशामागे बसले. एका खणात पाण्याची पिस्तुलं, दुसऱ्यात गोळी नसलेलं खरं. 29 टोळ्यांपैकी 21 टोळ्यांना खरं सापडलं, 16 टोळ्यांनी हाताळलं, आणि 10 टोळ्यांत कुणी ना कुणी चाप ओढला. हाताळणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांना घरीदारी बंदुकीबद्दल काहीतरी शिकवलेलं होतं! यावर मंदार बराच वेळ काही बोलला नाही. तो गप्प बसला की मी बाजारात जाते.

तिजोरी आणली. टेक्ससात बंदुकीच्या तिजोरीवर 2021 पासून विक्रीकर नाही, हे कळल्यावर मंदार इतका खूश झाला की तो दोन घेणार होता. अंगठ्याच्या ठशाने उघडणारी त्याला हवी होती. पण एका कंपनीच्या अशा सुमारे 61,000 तिजोऱ्या 2023 मध्ये बाजारातून परत मागवल्या, कारण मालक समजत होता आपल्याच बोटाने उघडते, आणि ती कुणाच्याही बोटाने उघडत होती. त्यापायी बारा वर्षांचा एक मुलगा गेला. त्यामुळे आमची आकड्यांची आहे, बोल्ट मारून कपाटाच्या तळाला जखडलेली. आकडा म्हणून मंदारने रेवाची जन्मतारीख ठेवली. घरातली एकच व्यक्ती ती तारीख दिवसातून चार वेळा मोठ्याने म्हणते, आणि ती सहा वर्षांची आहे. आता आकडा वेगळा आहे.

ठेवण्याआधीचा विधी मी जवळ उभी राहून बघते. नळी भिंतीकडे, बोट चापाबाहेर. आधी गोळ्यांचं मॅगझिन काढायचं. बहुतेकांना वाटतं, झालं, रिकामं झालं. तसं नसतं, एक गोळी आत चेंबरमध्ये बसलेली असू शकते, आणि पुष्कळ अपघात या ‘रिकाम्या’ पिस्तुलांचेच असतात. म्हणून वरची स्लाइड मागे ओढायची, आत डोकवायचं आणि करंगळीने चाचपायचं. मग गोळी बाहेर पडते त्या खिडकीतून एक जाड केबल आत घालून खालून मुठीतून काढायची आणि कुलूप लावायचं. केबल असेतो स्लाइड बंदच होत नाही. हे कुलूप इथे पुष्कळ पोलीस ठाण्यांत फुकट मिळतं. मागायला गेलात तर चौकशी नाही, चहाही नाही. गोळ्या वेगळ्या डब्यात, वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. त्याची किल्ली देवघरात गणपतीच्या आसनाखाली ठेवायची कल्पना कुणाची होती ते सांगत नाही, तुम्ही त्याला कन्या दिली आहे.

‘आणि रात्री चोर आला तर? मी कुलपंच उघडत बसू?’ हा त्याचा हुकमी प्रश्न. मी म्हटलं, चोर येईल की नाही कोण जाणे, मुलं तर रोजच घरी येतात. 2020 पासून या देशात एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. खून, आत्महत्या, अपघात सगळं धरून. आमच्या मुलांच्या डॉक्टरीणबाई सायकलच्या हेल्मेटइतक्या सहजपणे विचारतात, घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का. मुलांच्या डॉक्टरांची संघटना तर सांगते, घरात नसणंच सगळ्यांत बरं. माझंही मत तेच. ते मी दर रविवारी सांगते आणि पोहे वाढते.

हाच प्रश्न मला शेजारी विचारावा लागला. रेवाला त्यांच्या मुलीकडे खेळायला जायचं होतं. आपल्याकडे फार तर ‘कुत्रा बांधला आहे का?’ एवढंच विचारतात. मी केळफुलासारखी मान खाली घालून विचारलं, तुमच्या बंदुका कुलपात असतात ना? वाटलं, दार आपटतील. त्या माउलीने मला हाताला धरून आत नेलं आणि माणसाएवढी तिजोरी दाखवली. वर म्हणाली, मला स्वतःहून विचारायला जमलं नसतं. आता तुमचं सांग. मी सांगितलं. हल्ली तिच्याकडून पीच कॉब्लर येतं, आपल्याकडून चकल्या जातात.

दुकानात काउंटरवर कायद्याने लावलेली पाटी असते: मुलं असतील तिथे, त्यांच्या हाती लागेल अशी बंदूक ठेवणं गुन्हा आहे. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर दंड, आणि मुलाने ती उडवून कुणी मेलं किंवा जबर जखमी झालं तर वर्षभर कैदही. मंदारने ती पाटी वाचली होती. चष्मा लावून.

बाबा, तुम्हाला पिस्तूल बघायचंच असेल तर घरी निघणार नाही. मंदारबरोबर रेंजवर चला. तिथे कान झाकायला देतात, तुम्हाला ते बहुधा लागणार नाहीत.

आणि आई, तिजोरी दिसल्याबरोबर तू म्हणशील, ‘जागा आहे तर माझ्या पाटल्या आणि पासपोर्ट ठेव हो त्यात.’ नाही ठेवणार. मग मंडळाच्या हळदीकुंकवाला ती उघडणार, भोंडल्याला उघडणार, परत येताना तू दमलेली असणार आणि दार तसंच राहणार, वर रेवा बांगड्या बघायला मागे उभी. पाटल्या हातातच घालून ये, कस्टमला दिसू देत.

मेतकूट किलोभर आण. कळावे, लोभ आहेच.

तुझी,
मीनू