आमच्या घरची ॲडमिन

आमच्या घरात सत्ता कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न माझ्या लग्नापासून मोघम ठेवलेला होता, आणि मोघम होता म्हणूनच सगळं बरं चाललं होतं. दिवाणखान्यात नॅस आलं आणि तो प्रश्न लेखी सुटला. हे यंत्र पहिल्यांदा सुरू केलं की आधी विचारतं, ॲडमिनिस्ट्रेटर कोण? नाव लिहा, पासवर्ड द्या. नेमके त्या वेळी लॅपटॉपच्या कीबोर्डवर माझे हात होते. नाना म्हणजे सासरे, आई म्हणजे सासूबाई, नवरा, भाऊजी आणि दहावीतले चिरंजीव हे सगळे त्या क्षणापासून माझे ‘युजर’ झाले. सुनेने सासूला पासवर्ड द्यायचा आणि तो किमान आठ अक्षरी असावा अशी अट घालायची, असा प्रसंग आमच्या घराण्यात पूर्वी घडल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

ज्यांच्याकडे हे प्रकरण अजून पोचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नॅस म्हणजे एक छोटा संगणकच, पण बिनपडद्याचा आणि बिनकीबोर्डाचा. पोटात दोन हार्ड डिस्क आणि पाठीतून निघून राउटरला जाणारी एक केबल. घरातला कुठलाही फोन, लॅपटॉप किंवा टीव्ही त्यात फाइली ठेवू शकतो आणि त्यातून काढू शकतो. आई त्याला ‘डबा’ म्हणतात.

हा डबा येण्याचं कारण नानांचं सुप्रभात. १ जून २०२१ पर्यंत गुगल फोटो थोडे दाबून का होईना, पण हवे तितके फोटो फुकट ठेवून घेत असे. त्या दिवसापासून नवे फोटो १५ जीबीच्या हिशेबात धरायला सुरुवात झाली, आणि त्याच १५ जीबीत मेलही बसवायचे असतात. नानांचे १५ जीबी उगवता सूर्य, गुलाब, कपबशी आणि ‘आपला दिवस आनंदात जावो’ यांनी भरून गेले. पुसू का विचारलं तर म्हणाले, “अगं, माणसांनी आठवणीने पाठवलेलं असतं.” यावर उत्तर नसतं, फक्त जास्त जागा असते.

नाना बँकेतून निवृत्त झालेले. त्यामुळे खरेदीनंतर पहिला प्रश्न हिशेबाचा आला. ४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या, म्हणजे ८ टीबीचे पैसे दिले. वापरायला मिळतात ४. आणि विंडोजवर मोजायला जावं तर दिसतात ३.६३. “बाकीचे कुठे गेले?” ०.३७ चा खुलासा सोपा आहे. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. त्यावर नानांनी नुसतं “असं होय” म्हटलं, पण ज्या सुरात म्हटलं तो ऑडिटरचा होता. निम्म्या जागेचा खुलासा मात्र लांबला. १९८८ साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध लिहिला. एका मोठ्या महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ लहान स्वस्त डिस्क एकत्र कामाला लावा, आणि त्यातली एखादी मरणारच हे धरून चाला, असा त्याचा मथितार्थ. त्या पद्धतीला रेड म्हणतात. आमच्या डब्यात त्यातला सर्वांत साधा प्रकार आहे, जे एका डिस्कवर लिहाल तेच दुसरीवरही लिहिलं जातं. नानांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “म्हणजे जॉइंट अकाउंट. आयदर ऑर सर्व्हायव्हर.” मी बऱ्याच तंत्रज्ञांकडून रेड समजून घेतलं आहे, याहून चांगलं कोणी सांगितलेलं नाही.

जागा आणि वीज यांवरून झालेली चर्चा मी आटोपशीर सांगते. राउटर टीव्हीखाली, म्हणून डबाही टीव्हीखाली. चोवीस तास चालू राहून २० वॅट खातो असं धरलं, तर महिन्याला १४ युनिटांच्या आसपास. हा आकडा नानांना सांगणं आवश्यक नव्हतं, पण नवऱ्याने सांगितला. तेव्हापासून झोपण्यापूर्वी गॅस, नळ आणि कडी यांच्या जोडीला डब्याचं बटणही तपासलं जाऊ लागलं. चालत्या डिस्कची वीज अशी अचानक तोडली तर फाइलींची मोडतोड होऊ शकते, हे मी समजावलं. मग बटणावर चिकटपट्टी लावली, आणि पुण्यात गुरुवारी वीज जाते म्हणून एक यूपीएस आणला. तो किती युनिटं खातो हे कोणी विचारू नये.

खरी गंमत डबा भरायला लागल्यावर सुरू झाली. फोनचा आपोआप बॅकअप लावला की फोन काहीच निवडत नाही, सगळं पाठवतो. माणूस फोटो काढतो सहलीचे अशी माझी समजूत होती. आमच्या घरातले बहुतेक फोटो विजेच्या मीटरचे, औषधांच्या पाकिटांचे, मॉलच्या पार्किंगमधल्या खांबांचे आणि सिंकखालच्या गळक्या पाइपचे निघाले. उद्या कोणी आमच्या कुटुंबाचा इतिहास लिहायला बसलाच, तर त्याला एवढंच कळेल की या लोकांकडे पाणी फार गळत असे आणि गाडी कुठे लावली हे कोणालाही आठवत नसे.

हे सगळं टीव्हीवरही दिसतं, ही त्याची दुसरी बाजू. डब्यातला मीडिया सर्व्हर फोटोंचं फोल्डर स्वतःहून टीव्हीला देऊ करतो. भाऊजींसाठी स्थळ सांगून आलेली मंडळी बसली होती. गप्पा जरा रेंगाळल्या, तेव्हा आईंनी मोठ्या हौसेने “कोकणातले फोटो लाव ना” म्हटलं. चिरंजीवांनी फोटो लावले, तारखेच्या क्रमाने. कोकणाच्या आदल्या आठवड्यात नानांच्या पायाच्या अंगठ्याला गळू झालं होतं आणि डॉक्टरांना पाठवण्यासाठी त्याचे फोटो काढले होते, सकाळ-संध्याकाळ, प्रगती दिसावी म्हणून. पंचावन्न इंची पडद्यावर तो अंगठा आला तेव्हा मुलीच्या वडिलांच्या हातात कांदेपोहे होते. मुलीने मात्र “आता बरा आहे का?” असं विचारलं आणि भाऊजींनी तिथेच मनोमन होकार दिला. लग्न झालं. नॅसच्या जाहिरातीत हा फायदा कोणी लिहीत नाही.

यानंतर मी परवानग्यांकडे गंभीरपणे वळले. प्रत्येक फोल्डरला प्रत्येक माणसासाठी तीनच पर्याय असतात: फक्त वाचता येईल, वाचता-लिहिता येईल, काहीच करता येणार नाही. एकत्र कुटुंबात चौथा पर्याय लागतो, ‘वाचलं तरी बोलता येणार नाही’, पण तो अजून कुठल्या कंपनीने काढलेला नाही. नानांनी स्वतःसाठी एक फोल्डर मागितलं, नाव ‘मृत्युपत्र’. परवानगी नसलेल्यांना ते फोल्डर दिसूच नये अशीही सोय असते, ती लावून देऊ का, असं मी विचारलं. नाना म्हणाले, “नको. दिसू दे. उघडू नये एवढंच.” त्या आठवड्यात नानांना मागण्याआधी चहा मिळू लागला. डबा नोंदी ठेवतो, कोणी कोणत्या यंत्रावरून किती वाजता कुठे टकटक केली याच्या. मी ॲडमिन या नात्याने त्या वाचल्या आहेत. नावं सांगणं पदाला शोभणार नाही. रात्री पावणेबाराला आईंचं टॅब जागं होतं, इतकंच सांगते.

अमेरिकेत एडिसनला असलेल्या माझ्या नणंदेला, म्हणजे ताईंनाही, डब्यात प्रवेश हवा होता. त्यांचं म्हणणं, इंटरनेटवरून थेट दार उघडं ठेव, कुठूनही बघता येईल. मी नाही म्हटलं. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने अशीच उघड्या दारांची नॅस गाठून फाइलींना कुलपं घातली होती आणि किल्लीसाठी बिटकॉइन मागितले होते. म्हणून ताईंना व्हीपीएन, म्हणजे कुलूपबंद खासगी वाट, लावून दिला. “माहेरी यायला आता व्हीपीएन लागतो,” असं त्या तिकडे सगळ्यांना सांगतात.

दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे, हा सार्वत्रिक गैरसमज आमच्याकडे चिरंजीवांनी दूर केला. गेमच्या रेकॉर्डिंगला जागा हवी म्हणून त्यांनी ‘गोवा’ फोल्डर पुसलं. दोन्ही डिस्कनी एकाच क्षणी, एकदिलाने आज्ञा पाळली. डिस्क मेली तर रेड उपयोगी पडतं, माणूस जिवंत असेल तर नाही. रीसायकल बिन चालू असल्याने गोवा परत आलं, पण मी तिसरी प्रत काढायचं ठरवलं. जाणकारांचा नियम आहे: तीन प्रती, दोन तऱ्हेच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आमची घराबाहेरची प्रत साताऱ्याला, माझ्या माहेरी असते. एक पोर्टेबल डिस्क दिवाळीत नेते, जुनी परत आणते, मे महिन्यात पुन्हा. माझ्या आईने ती पाटल्यांच्या शेजारी कपाटात, तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवली आहे. ऑफिसात अशा जागेला डिझास्टर रिकव्हरी सेंटर म्हणतात.

हे माहेरचं प्रकरण सासूबाईंना पटावं म्हणून मी त्यांना ‘टॉय स्टोरी २’ ची गोष्ट सांगितली. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये कोणीतरी चुकीची कमांड दिली आणि चित्रपटाच्या फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप काढला, तर तो नीट चालतच नव्हता. वाचवलं गॅलिन सुसमन यांनी. त्या नुकत्याच बाळंत झालेल्या, म्हणून घरून काम करता यावं यासाठी त्यांच्या घरी एक प्रत होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून गाडीतून जपून स्टुडिओत आणला. “बाळंतिणीचं पुण्य,” आई म्हणाल्या, आणि साताऱ्याच्या डिस्कला मंजुरी मिळाली. पुढे तो चित्रपट पिक्सारने बराचसा नव्याने केला, हा भाग मी सांगितला नाही.

एका जागी मात्र डबा, रेड आणि सातारा, तिघेही हरले आहेत. नानांनी निवृत्तीनंतर आत्मचरित्र लिहायला घेतलं होतं, संगणकावर, युनिकोड रुळण्याच्या आधीच्या एका मराठी फाँटात. त्या फाँटांत रोमन अक्षरांच्या घरात देवनागरी आकार बसवलेले असत. फाँट असेल तर मराठी, नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाइल तिन्ही ठिकाणी शाबूत आहे, एक बाइटही हललेला नाही, आणि एक ओळही वाचता येत नाही. फाँटाची फ्लॉपी नानांनीच कधीतरी रद्दीत दिली, आणि फाँटाचं नाव त्यांना आठवत नाही. वाचकांपैकी कोणाकडे १९९९ च्या आसपासचे जुने मराठी फाँट पडून असतील, तर कृपया टाकू नका, आम्हाला कळवा. आमचं काम फक्त आत्मचरित्रापुरतं आहे. मृत्युपत्र युनिकोडमध्ये आहे, असं नाना म्हणतात.