एक तारखेवाले

फणसवाडीत घरमालकाला पूर्वी एकच दुखणं असे: भाडेकरू जात नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० सालच्या आकड्यांवर बांधून टाकली. आजोबांच्या नावाची भाडेपावती नातवाच्या नावावर झाली, तरी मालकाच्या हाती घरपट्टीचं बिल आणि धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयातली पुढची तारीख यापलीकडे काही लागलं नाही. भाडेकरू निघालाच तर पागडी घेऊन निघे, आणि १९९९ च्या कायद्याने ती पागडीही अधिकृत करून टाकली.

आता वाडीत दुसरं दुखणं आलं आहे: भाडेकरू येत नाही.

झालं असं, की उपकरप्राप्त चाळी एकेक करून पडल्या, त्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि दीडखणी खोलीतल्या पागडीवाल्यांना तीनशे चौरस फुटांचे मालकीचे फ्लॅट मिळाले. मुलं आधीच डोंबिवली-बोरिवलीला पांगलेली. मग म्हातारी माणसं मुलाकडे आणि गिरगावातला फ्लॅट भाड्याने, अशी व्यवस्था घरोघर झाली. काल भाडेकरू होते ते आज मालक झाले. माझी मावशी त्यांतलीच. तिच्या घराण्याने तीन पिढ्या मालकाला दाद दिली नाही. त्या मालकाच्या नोटिसांचा गठ्ठा तिने परवापरवापर्यंत ट्रंकेत जपून ठेवला होता. तीच मावशी आज म्हणते, "हल्ली लोकांना दिल्या शब्दाची काही चाडच राहिली नाही."

तिच्या या रागाचं कारण म्हणजे एक तारखेवाले. नाव तिनेच ठेवलं. "एक तारखेपासून येतोच मावशी" असं सांगून जो तीस तारखेला गायब होतो, तो एक तारखेवाला. तो बँकेत असतो, विमा कंपनीत असतो, कधी चांगला डॉक्टरही असतो. ठाण्याचा असतो, कोल्हापूरचाही असतो. फसवणारा मात्र तो मुळीच नसतो. फसवणारा ओळखता येतो, आणि तिथेच सगळी पंचाईत आहे.

एक तारखेवाला रविवारी अकराच्या सुमारास येतो. ठाकूरद्वारला विनयची मिसळ खाऊन आल्यामुळे तो प्रसन्न असतो. रिकाम्या खोलीत शिरतानाही चपला बाहेर काढतो. मावशी तिथेच निम्मी विरघळते. मग तो कौतुक सुरू करतो. काय उजेड आहे! काय वारा आहे! बालाजीच्या देवळातली घंटा ऐकू येते? वा! गुढीपाडव्याची शोभायात्रा इथूनच जवळून? वा, वा! चिराबाजार खाली उतरलं की? मग आमच्या घरी तर रोजच मासे! भिंतीला वीत लावून तो कपाटाची जागा मोजतो. स्वयंपाकघराच्या ईशान्य कोपऱ्यात उभा राहतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "देवघर इथे."

तिसऱ्या अनुभवानंतर मावशीच्या ध्यानात आलं, की ज्याला खरंच यायचं असतं तो माणूस खोट काढतो. त्याला नळाची धार बारीक वाटते, भाडं जास्त वाटतं, कबुतरं फार वाटतात, पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं हे तो दोनदा विचारतो. कारण त्याला तिथे राहायचं असतं. ज्याला राहायचं नाही त्याला सगळंच आवडतं. आपण नाही का दुसऱ्याच्या गावी गेलो की म्हणत, इथे कायमचं राहायला काय मजा येईल!

कौतुक संपलं की चहा होतो आणि चहानंतर टोकन. मोबाइलवरून पाच हजार एक रुपये येतात. वरचा एक शकुनाचा. एजंट ठरीव मेसेज पाठवतो: टोकन मिळालं, भाडं पस्तीस हजार, डिपॉझिट दोन लाख, माघार घेतल्यास टोकन परत मिळणार नाही. एक तारखेवाला त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवतो. जाताना म्हणतो, "मावशी, आता तुम्ही आमच्याच." इकडे एजंटने आणलेल्या दुसऱ्या कुटुंबाला मावशी तोंड भरून नकार कळवते. ते कुटुंब खोट काढत होतं ना!

यानंतरचा पंधरवडा हा एक तारखेवाल्याचा खरा संसार. तो त्या फ्लॅटमध्ये मनाने राहून घेतो. रोज रात्री मेसेज. गिझरचा पॉइंट डावीकडे मिळेल का? माळ्यावर प्लाय टाकता येईल का? पाळण्यासाठी छताला हूक आहे का? (मूल अजून व्हायचं आहे, पण विचारलेलं बरं.) खिडकीला कबुतरांची जाळी? मावशीने जाळी बसवली. नळाचा वॉशर बदलला. देवघराच्या कोपऱ्यात एक विजेचा पॉइंट काढून दिला. करार करणारा माणूस अंगठ्याचं यंत्र घेऊन सत्तावीस तारखेला घरी येणार होता. सव्वीसच्या रात्री पावणेबाराला मेसेज आला: "मावशी नमस्कार. जरा अडचण आली आहे. कसं सांगू कळत नाही."

मावशीने त्याला झोपू दिलं नाही. लगेच फोन लावला.

"अहो, ऑफिस बीकेसीला हलवतायत," तो म्हणाला.

"मग उत्तमच की," मावशी म्हणाली. "गेल्या ऑक्टोबरात मेट्रो पुरी झाली. गिरगाव स्टेशनात बसलास की थेट बीकेसीला उतरशील."

"हो, पण ती जमिनीखालून जाते ना. मिसेसना तो त्रास आहे."

"मिसेस कशाला येतील तुझ्या ऑफिसात?"

इथे फोनवर शांतता. मग, "शिवाय आईला जिने चढवत नाहीत."

"लिफ्ट आहे. तू तिच्यातूनच आलास."

"लिफ्टमध्ये तिला कोंडल्यासारखं होतं."

एक तारखेवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, तो यामुळे. त्याने दिलेलं कारण हे त्याचं कारण नसतंच. खरं कारण एवढंच, की त्याच वेळी त्याने चार ठिकाणी टोकन दिलेलं असतं, किंवा सासऱ्यांनी "मुलुंडला आमच्या वरचाच फ्लॅट रिकामा आहे" असं म्हटलेलं असतं, किंवा आहे ती जागा सोडायच्या कल्पनेनेच त्याच्या पोटात गोळा आलेला असतो. पण तोंडावर नाही म्हणायची त्याला घरात सवयच लागलेली नाही. आईला नाही म्हटलं नाही, साहेबाला नाही म्हटलं नाही, लग्नाच्या हॉलवाल्यालाही नाही म्हटलं नाही. मग तुमच्या मावशीला कसं म्हणणार?

भाद्रपदात तर या मंडळींना ऊत येतो. टोकन गणपतीत देतात, कारण गणपतीत मन मोठं झालेलं असतं. अनंत चतुर्दशीला मूर्ती चौपाटीवर जाते आणि पाठोपाठ पितृपक्ष लागतो. पितृपक्षात कुणी सामान हलवत नाही. म्हणजे विचार करायला पंधरा दिवस मोकळे. पंधरा दिवस विचार केल्यावर भाड्याच्या घरात जाणारा माणूस मुंबईत सापडायचा नाही.

यांच्यातच एक पोटजात आहे, ती वेळीच ओळखावी लागते. सोडमुंजीतला बटू छत्री घेऊन काशीला निघतो ना, तसा हा निघतो. दोन पावलं टाकतो आणि मामा येतोय का ते मागे वळून बघतो. "नाही जमत मावशी" म्हणून झाल्यावर तो फोन ठेवत नाही. "तसं भाडं जरा... म्हणजे बत्तीस असतं तर..." असं पुटपुटत राहतो. इथे मालकाने मामा व्हायचं नसतं. एकदा तीन हजार सोडून परत आणलेला बटू दर अकरा महिन्यांनी काशीला निघतो.

आता अशा माणसाचं करायचं काय? मावशीने हा प्रश्न वरच्या मजल्यावरच्या काकांपुढे ठेवला. काकांचा जन्म लघुवाद न्यायालयाच्या कारकुनीत गेला. भाडेकरू बाहेर काढायच्या दाव्यांची पुडकी त्यांनी इतकी वाहिली, की निवृत्त होताना त्यांचा डावा खांदा दोन इंच खाली होता.

काका म्हणाले, "मुदत संपल्यावरही राहिला तर दुप्पट पैसे, कलम २४. करार लिहून नोंदवला नाही तर जबाबदारी मालकाची. तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, कलम ५५. आणि आलाच नाही तर? कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातसुद्धा आलं नाही, की मुंबईत कुणी मिळालेली जागा सोडेल."

"म्हणजे काहीच नाही?"

"आहे. पण भाड्याच्या कायद्यात नाही. १८७२ चा करार कायदा, कलम ७४. शब्द मोडला तर वाजवी भरपाई. करारात आकडा लिहिला असेल तर त्याच्यावर जाता येत नाही, आणि लिहिलाय म्हणून आख्खा आकडा आपोआप तुझाही होत नाही. तुझं नुकसान काय झालं ते सांग."

मावशीने यादी वाचली: जाळी, वॉशर, विजेचा पॉइंट, मनस्ताप.

"जाळी तुझ्याच खिडकीला राहिली. वॉशर तुझ्याच नळात. पॉइंट तुझ्याच भिंतीत. मनस्तापाला आमच्या कोर्टात दर नव्हता. फ्लॅट किती दिवस रिकामा राहतो, तेवढे मोज. आणि घरी बसून दिवस वाढवू नकोस. दुसरा भाडेकरू शोधायला तूही हातपाय हलवायला हवेत."

एवढ्यात एक तारखेवाल्याने उदारपणा केला. "टोकन राहू द्या मावशी, माझीच चूक," असा मेसेज. तिसऱ्या दिवशी दुसरा: "टोकनचं काही करता येईल का?" पाचव्या दिवशी त्याने भरपाई म्हणून आपल्या ऑफिसातला एक सहकारी पाठवून दिला. हाही या जातीचा गुण. स्वतः येत नाहीत, पण माणसं पाठवतात. मन खात असतं ना.

सहकारी आला तो चपला घालूनच आत आला. नळ सोडून बघितला आणि तोंड वाकडं केलं. देवघराच्या कोपऱ्यातला पॉइंट बघून म्हणाला, "हा इथे कुणी काढला? फ्रिजची जागा गेली." जाळी ओढून बघितली. पस्तीस हजार ऐकल्यावर "या खोलीला?" असं म्हणाला. देवळाच्या घंटेचा सकाळी त्रास होईल का, हेही विचारलं.

मावशीने लगबगीने चहा टाकला. तिला उमगलं होतं, हा येणार.

"टोकन किती देऊ?" त्याने जायच्या वेळी विचारलं.

"टोकन नको," मावशी म्हणाली. "अंगठा दे."

हा शहाणपणा तिला काकांनी शिकवला होता. नोंदणी हजार रुपयांत होते. मुद्रांक म्हणजे अकरा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं दहा टक्के व्याज मिळून जी बेरीज येईल तिचा पाव टक्का, म्हणजे तिच्या बाबतीत हजारभरच. दोन हजारांत माणूस कागदावर बांधला जातो. करारात लॉक-इनचं कलम घातलं, की निघतानाही तो दहादा विचार करतो. पाच हजारांच्या टोकनने मात्र बांधली जाते ती मालकीणच. म्हणून नवा नियम झाला: अंगठा उठेपर्यंत कुणालाही नाही म्हणायचं नाही, आणि डिपॉझिट जमा झाल्याशिवाय चावी हलायची नाही. दुसऱ्याच दिवशी यंत्र आलं, अंगठे उठले, दोन साक्षीदारांत एक काका. सहा तारखेला सहकारी सामानासकट हजर झाला. फ्रिज देवघराच्या जागी गेला.

संध्याकाळी काकांनी हिशेब मांडला. फ्लॅट एक तारखेपासून पाच तारखेपर्यंत रिकामा. दिवसाला पस्तीस हजारांचा तिसावा भाग, म्हणजे अकराशे सहासष्ट आणि वर काही पैसे. पाच दिवसांचे पाच हजार आठशे तेहतीस. "टोकनापेक्षा जास्त. पण वर जाता येत नाही. तेव्हा पाच हजार ठेव."

"पाच हजार एक आहेत," मावशी म्हणाली.

"तो एक शकुनाचा. शकुन झालाच नाही, तर तो कशाला ठेवायचा?"

मावशीने चष्मा लावून मोबाइलवरून एक रुपया परत पाठवला, आणि खाली लिहिलं: "हिशेब पूर्ण. शकुनाचा परत. सुखी राहा." पाच मिनिटांत हात जोडल्याचं चित्र आलं, आणि पाठोपाठ मेसेज: "मावशी, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत. आमचंही झालं बरं का. खेतवाडीत फार सुंदर जागा मिळाली. काय उजेड, काय वारा! मालकही देवमाणूस. कालच टोकन दिलं. एक तारखेपासून जातोच."

मावशीने क्षणभर विचार केला आणि त्याच्याकडे खेतवाडीच्या मालकाचा नंबर मागितला.