थांबण्याचा खर्च

नेदरलँड्समध्ये घाट नाही. देशाच्या युरोपातल्या भागातलं सर्वोच्च ठिकाण म्हणजे लिम्बर्गमधला फाल्सरबर्ग, उंची ३२२ मीटर. लक्ष्मी रस्त्यावर साडी निवडत बसलेली पुणेकर बाई समुद्रसपाटीपासून त्याहून दोनशे मीटर तरी उंच बसलेली असते. अशा देशात, तेही समुद्रपातळीच्या खाली नांदणाऱ्या आम्स्टेलव्हेनमध्ये, आमच्या साडूंनी १९७२ सालच्या एमजीबीचे पुढचे ब्रेक बदलायला काढले.

एमजी म्हटल्यावर पुण्यात सासूबाईंना हेक्टर वाटली आणि त्या सुखावल्या. ही ती नव्हे. १९६२ ते १९८० इंग्लंडात ॲबिंग्डनला बनायची ती ही दोन माणसांची, छप्पर दुमडणारी गाडी. तीत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर मांडी घालायची. चाळिशी उलटलेल्या गाडीला इथे रस्ताकर माफ आहे आणि पन्नाशी उलटली की सरकारी तपासणीही माफ. माणसाला नेमक्या याच वयात सगळ्या तपासण्या लिहून देतात.

“पण मूळचे ब्रेक लागत नाहीत का?” मी विचारलं.

“लागतात हो. पण पेडल मऊ लागतं. विश्वास वाटत नाही.”

मला आधी हे थेर वाटले, पण विचार केल्यावर पटलं. आपल्याकडे ब्रेकचं निम्मं काम हॉर्न करतो, उरलेलं समोरचा करतो. इथे हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी देणं. आणि समोरचा? तो सायकलवर असतो, उजवीकडून येतो आणि बघत नाही, कारण त्याला धक्का लागला तर कायदा बहुतेक वेळा गाडीवाल्यालाच धरतो. शिवाय दर शंभर पावलांवर गतिरोधक, आणि मधेच एखादा पूल बोटीसाठी उघडायचा. वेगाचं म्हणाल तर माउस गात्सोनिडेस नावाच्या इथल्याच गृहस्थानं १९५३ साली मॉन्टे कार्लो रॅली जिंकली, वळणावरचा स्वतःचा वेग मोजायला यंत्र केलं, आणि त्याच यंत्राची लेकरं आता जगभर खांबांवर बसून दंडाच्या पावत्या धाडतात. या देशात गाडी पळवायची सोय नाही; थांबवायची मात्र पदोपदी गरज.

तर साडूंनी चार पिस्टनचे कॅलिपर मागवले. मूळच्यात दोनच असतात. कॅलिपर देखणे होते, लालभडक. बसवल्यावर तारांची चाकं त्यांना घासू लागली. मग ब्रेकसाठी चाकं आली, चाकांसाठी टायर आले, आणि टायरांची पावती मेहुणीच्या हाती लागू नये म्हणून ती माझ्या घरी आली.

या गाडीचे नटबोल्ट इंचातले. नऊ सोळांश इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर. चौदाचा पाना चढत नाही, पंधराचा नुसता गरगर फिरतो, आणि इथल्या दुकानात इंची पाना मागितला की विक्रेता आपल्याकडे सहानुभूतीनं बघतो. त्यात डिस्क बांधलेली हबच्या आतल्या बाजूला. म्हणजे ती काढायला अख्खा हब उतरवा. हबच्या नटातली वाकवलेली पिन पन्नास वर्षं तिथेच असावी. ती निघाली तेव्हा साडूंनी ती पुसून खिशात ठेवली.

माझी नेमणूक एअर काढायच्या कामावर. मी आत पेडलवर, साडू चाकापाशी पालथे. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं.

“दाबा!” मी दाबायचो. बुडबुडे निघायचे.

“धरून ठेवा! धरा!” ते निपल आवळायचे.

“सोडा आता.”

मी आधी सोडलं की हवा परत आत, आणि साडूंच्या तोंडून नागपुरी बाहेर. तासाभरानं मेहुणीनं खिडकीतून विचारलं, “काय, प्राणायाम चाललाय का?”

जुनं ऑइल चहाच्या रंगाचं निघालं. हे ऑइल हवेतला ओलावा पितं. नव्या डॉट चारचा उत्कलनबिंदू २३० अंशांच्या वर असतो, पाणी प्यायल्यावर तो १५५ च्या आसपास येतो. आणि प्यायला पाणी या देशात कमी नाही. माझं मत विचाराल तर पेडल कडक झालं ते नव्या ऑइलमुळे आणि आतून फुगलेले रबरी होज बदलल्यामुळे. ते काम शंभर युरोत झालं असतं. लाल कॅलिपर निव्वळ शोभेचे. पण हे मत मी साडूंना ऐकवलेलं नाही. त्यांच्या पावत्या अजून माझ्या कपाटात आहेत.

होळीला मराठी मंडळींचा पुरणपोळीचा बेत ठरला. कटाची आमटी मेहुणीकडे. बायका ट्रामनं पुढे गेल्या; आम्ही एमजीबीत, छप्पर उघडं, आमटीचा डबा सीटमागच्या फळीवर. कालव्याच्या कडेनं जाताना एक बदक शांतपणे रस्त्यावर उतरलं. साडूंनी ब्रेक दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली. डब्याला मात्र कुणी ब्रेक बसवले नव्हते. आमटी पन्नासच्या वेगानं पुढे आली आणि माझी मान तिच्या वाटेत होती. मी कॉलरमधून कढीपत्ता काढत होतो, तेव्हा साडूंनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले.

“बघितलंत? सरळ रेषेत थांबली. तसूभर डावीकडे ओढली नाही!”