मागच्या रांगेचं काय?

ग्रुप फोटो हातात आला की पुढच्या रांगेतल्याला स्वतःला शोधावं लागत नाही. शोधाशोध मागच्या रांगेत चालते.

अध्यक्ष लख्ख. उपाध्यक्ष ठीक. कार्यकर्ते दिवेलागणीला उभे केल्यासारखे. आणि अगदी मागे, कोपऱ्यात, ज्याने रात्रभर जागून मांडव उभा केला, खुर्च्या लावल्या, तो? त्याचा शर्ट दिसतो.

कॅमेऱ्याला दोष देऊ नका. दिवा चुकला आहे.

फोटोग्राफर दिवा घ्यायला दुकानात जातो आणि विचारतो, "किती वॉटचा आहे?" हा प्रश्न तिसरा किंवा चौथा असायला हवा. पहिला प्रश्न घरून ठरवून न्यायचा असतो: माझी शेवटची रांग दिव्यापासून किती लांब उभी राहणार?

उजेडाचा नियम कठोर आहे. अंतर दुप्पट, उजेड पाव. पहिली रांग खुर्चीवर, दिव्यापासून २ मीटर. तिसरी रांग बाकावर, ३.६ मीटर. हिशेब करा. तिसऱ्या रांगेला पहिलीच्या एक-तृतीयांशही उजेड मिळत नाही. मान-पान बैठकीत होतंच, आता उजेडातही झालं.

तोच दिवा मागे न्या. पहिली रांग ५ मीटरवर, तिसरी ६.६ वर. आता मागच्यांना पुढच्यांच्या ५७ टक्के उजेड पोचतो. स्टँड आणखी उंच केला, दिव्याचं तोंड शेवटच्या रांगेकडे वळवलं, तर फरक आणखी मिटतो. माणसं तीच, दिवा तोच. स्टँड तेवढा उचलून मागे न्यायचा.

मग नेत का नाहीत?

कारण लांबून उजेड पुरत नाही. २ मीटरवरून ५ वर गेलात की पहिल्या रांगेवर तेवढाच उजेड पाडायला सव्वासहा पट ताकद लागते. ताकदीचा प्रश्न इथे येतो.

फ्लॅशची ताकद वॉट-सेकंदात मोजतात. कॅमेऱ्यावर बसतो तो फ्लॅश साधारण ६० ते ८० चा. बॅटरीवर चालणारा, पिशवीत मावणारा दिवा २०० चा. त्यापुढे ४००, ६००. दोनशेचा चारशे केलात की एक स्टॉप वाढतो, म्हणजे उजेड दुप्पट. एकच. आणि हाच एक स्टॉप कॅमेऱ्यात आयएसओ १०० चा २०० केला की मिळतो, फुकट.

आजचे कॅमेरे आयएसओ ४०० ला कुरकुरत नाहीत. म्हणजे २०० चा दिवा ८०० चं काम करतो. तीन रांगा, एफ-८, शटर १/१२५, मोठी छत्री: असे दोन दिवे लग्नाच्या हॉलला पुरतात. उरलेल्या पैशांत काय घ्यायचं? दोन भक्कम स्टँड, दोन वाळूच्या पिशव्या आणि फ्लॅश पेटवणारा एक जादा ट्रिगर. हॉलमध्ये पोरं पळत असतात. सहा फुटांवरून दिवा पडला तर कुणाच्या डोक्यात पडेल, याचा विचार खरेदीच्या यादीत कुठे असतो?

"पण एलईडी घेतला तर? व्हिडिओही होतो, फोटोही होतो."

व्हिडिओ होतो. फोटोचं गणित बघा. २०० वॉटचा एलईडी शटरच्या १/१२५ सेकंदात वीज वापरतो १.६ वॉट-सेकंद. २०० चा फ्लॅश तेवढ्या वेळात सगळे २०० ओततो. एलईडी विजेचा उजेड काटकसरीने करतो, मान्य. तिप्पट काटकसर धरा. तरी ४० पटींची दरी उरते.

ही दरी शेवटी कोण भरतं? एलईडीचं पॅनल जवळ आणलं जातं. जवळ आणलं की पुढची रांग लख्ख, मागची गेली. शिवाय वीस जणांच्या डोळ्यांवर दहा मिनिटं झोत. आजीचे डोळे बारीक होतात, मग मिटतात. फ्लॅश डोळा मिटायच्या आत विझतो.

एलईडीच्या खोक्यावर ठळक आकडा असतो: सीआरआय ९५. तो आठ फिकट रंगांची सरासरी आहे. गडद लाल त्यात धरलेलाच नाही. लाल वेगळा मोजतात, आर-९ नावाने, आणि तो आकडा खोक्यावर बरेचदा सापडत नाही.

माणसाच्या त्वचेत काय असतं? ओठांत? कुंकवात? नवरीच्या शालूत?

आणखी एक. आपली वीज ५० हर्ट्झची. हॉलमधले स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, शटरला कळतं. एका फ्रेममध्ये पिवळा, पुढच्या फ्रेममध्ये काळपट पट्टा. फ्लॅशचा उजेड भरपूर असला की हॉलच्या दिव्यांचा वाटा इतका घटतो की पट्ट्याला जागाच उरत नाही. डीजेच्या निळ्या-जांभळ्या झोतांचंही तेच. नवरीच्या गालावरचा निळा डाग नंतर संगणकावर पुसत बसण्यापेक्षा शटर १/१२५ ऐवजी १/२०० वर ठेवलेलं बरं.

आता छत्री.

मऊ उजेड छत्रीच्या कापडातून येत नाही. तो तिच्या आकारातून येतो, आणि आकारही माणसाच्या जागेवरून दिसतो तो. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स एका चेहऱ्यापासून एका मीटरवर छान. तोच ५ मीटरवर नेला की टिपका. नाकाखाली काळी सावली, मानेखाली त्याहून काळी. दिवा मागे न्यायचा तर छत्रीही वाढवायला हवी. दीड ते दोन मीटरची. दिव्यावर हजारो रुपये मोजणारा माणूस छत्रीला पैसे देताना का अडतो?

आणि ती ठेवायची कुठे? पंधरा माणसांची रांग म्हणजे सुमारे ९ मीटर. दिवा एका टोकाला ठेवलात, जवळचा माणूस ३ मीटरवर, पलीकडच्या टोकाचा १० वर. पलीकडच्याला ९ टक्के उजेड. शंभरातले नऊ! याला ग्रुप फोटो म्हणायचं?

दोन दिवे कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना, फार फाकवू नका. डावा उजव्या टोकाकडे बघेल, उजवा डाव्या टोकाकडे. इतकं साधं. मग हॉलमध्ये दिसत का नाही? फोटोग्राफर एकटा असतो, असिस्टंटचे पैसे कापलेले असतात, आणि दुसरा स्टँड धरायला कुणी नसतं.

"छतावर बाउन्स मारतो की!" हे उत्तर हमखास येतं. कोणत्या छतावर? पत्र्याच्या? की तीस फुटांवरच्या काळ्या छतावर? की मांडवाच्या गुलाबी कापडावर? गुलाबी कापडावर मारलेला उजेड गुलाबी होऊनच खाली येतो. वऱ्हाडातले दोनशे जण त्या अल्बममध्ये गुलाबी राहतात, कायमचे.

सत्काराच्या फोटोचं दुखणं वेगळं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि मागे चकचकीत फ्लेक्स. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून थेट आपटतो आणि फ्लेक्सवरच्या नेत्याच्या जागी पांढरा गोळा उमटतो. दिवा बाजूला आणि वर नेला की गोळा जातो. चष्म्यांवरची चमकही त्यानेच जाते, कारण उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. कॅमेरा त्या वाटेवर नसला म्हणजे झालं. तरी ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात फोटोग्राफर सांगतो, "काका, चष्मा काढा."

काकांनी चष्मा का काढायचा? गेली चाळीस वर्षं त्यांचा चेहरा चष्म्यासकट आहे.

आता जे बोलायला लोक लाजतात ते. "जरा गोरं दिसू दे." पालक सांगतात, नवरदेव सांगतो, फोटोग्राफर न सांगताच करतो. उजेड ढकलतो, चेहऱ्याचा पोतच उडवतो. सावळा माणूस फोटोत धुतलेला तरी दिसतो, नाहीतर दिसतच नाही. अधलं काही त्याच्या वाट्याला येत नाही.

याला इतिहास आहे. कोडॅकची ‘शर्ली कार्ड’ म्हणून छायाचित्रं असत. गोऱ्या स्त्रीचा फोटो. प्रयोगशाळा तिच्या त्वचेवरून रंग जुळवत, आणि गडद त्वचा त्या मोजमापातच नसे. फिल्म सुधारली त्यात मोठा वाटा फर्निचर आणि चॉकलेटवाल्यांच्या तक्रारींचा होता. लाकडाची, चॉकलेटची छटा दिसेना म्हणून. माणसांनी तक्रार केली नव्हती?

सावळी त्वचा उजेड जास्त ओतून खुलत नाही. ती चमकेवर खुलते: कपाळावर, गालाच्या हाडावर पसरलेल्या मोठ्या, मऊ चमकेवर. त्यासाठी मोठी छत्री, चेहऱ्याच्या जरा बाजूने, आणि घाम टिपायला खिशात कागदी रुमाल. बॉसच्या चेहऱ्यावरून मोजमाप घेऊन बाकीच्यांना त्यात बसवायचं नाही. टीममधल्या सगळ्यात सावळ्या आणि सगळ्यात गोऱ्या, दोघांना शेजारी उभं करून एक फ्रेम काढा. दोघंही दिसले की दिवा पास.

ऑफिसांचं तर विचारूच नका. दीडशे जणांचे चेहरे एका दिवसात, मीटिंग रूममध्ये, भिंतीला टेकवून. तेवढं जमतं. मग तीन महिन्यांनी नवीन मुलगी रुजू होते आणि वेबसाइटवर तिचा एकटीचा चेहरा निळसर. पहिल्याच दिवशी ती परकी दिसते. ताकद कमी-जास्त केली की ज्याचा रंग सरकतो, असा दिवा या कामाला घ्यायचाच नाही. घेण्याआधी एका पांढऱ्या कागदावर फुल पॉवर आणि अगदी कमी पॉवर, दोन फ्रेम मारून बघा. आणि स्टँडच्या पायांशी जमिनीवर टेप लावा, उंची, अंतर, पॉवर वहीत लिहून ठेवा. वहीला किती खर्च येतो?

ब्रँडचं भांडण थोडक्यात मिटवू. ब्रिटनची बोवेन्स कंपनी २०१७ मध्ये बंद झाली. पण छत्री-सॉफ्टबॉक्स अडकवायची तिची खाच आज कितीतरी कंपन्यांच्या दिव्यांवर आहे. कंपनी जाते, खाच राहते. म्हणून दिवा घेताना त्याला काय काय बसतं ते आधी बघा, नाव नंतर. ट्रिगर मात्र एकाच घरचे ठेवा. रेडिओवरचे. दुसऱ्याच्या उजेडाने पेटणारा ‘स्लेव्ह’ लग्नात लावलात तर पाहुण्यांतल्या प्रत्येक हौशी फ्लॅशला तुमचा दिवा सलाम ठोकेल, आणि तुम्ही बटण दाबाल तेव्हा तो अजून भरत असेल.

भरायचा वेळही विचारा. वीस जणांत एकाचे तरी डोळे मिटलेले असतात. म्हणून पाच-सहा फ्रेम लागतात, पाठोपाठ. दिवा फुल पॉवरला भरायला दोन सेकंद घेत असेल तर तोवर हसू ओसरतं. तोच दिवा अर्ध्या पॉवरवर चालवा. हसू टिकतं.

एवढं करायचं नसेल तर?

बाहेर या. जुने शाळेचे वर्गफोटो काढून बघा. चार रांगा, पन्नास पोरं, आणि शेवटच्या रांगेतल्या पोराच्या भुवईवरची खोकही दिसते. छायाचित्रकार राजा दीनदयाळांनी एकोणिसाव्या शतकात हैदराबादच्या निजामाच्या शिकारींचे, पाहुण्यांचे ग्रुप काढले, कुठल्या दिव्याखाली? सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. पहिल्या आणि चौथ्या रांगेतल्या दोन मीटरने त्याला काही फरक पडत नाही. इमारतीच्या सावलीत, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभे राहा. सगळ्यांना सारखा उजेड.

पण त्यासाठी उजेड असताना फोटो काढावा लागतो. आणि इथे फोटोग्राफर हतबल आहे. संयोजकांनो, हे तुमच्यासाठी. कार्यक्रमपत्रिकेत दीपप्रज्वलन छापता, प्रास्ताविक छापता, आभार छापता. ग्रुप फोटो छापत नाही. तो जेवणानंतर, पाहुणे गाडीत बसताना, अंधारात, "पटकन एक होऊन जाऊ दे" म्हणत होतो. स्वयंपाकघरातल्या बायका आणि पार्किंगवरची मुलं तोवर आलेलीच नसतात.

दहा मिनिटं छापा. जेवणाआधी. आणि फोटोग्राफरला स्टँड मागे न्यायचा आहे, तेव्हा समोरच्या खुर्च्यांच्या दोन ओळी उचलून द्या.